वेळापत्रकात नाव दुसऱ्याचं

ऊर्जा निर्माण होत नाही, नष्टही होत नाही. लातूर-नांदेडला क्लासला जाणाऱ्या आपल्या मुली हा नियम घडाघडा म्हणतात. पण तो का खरा, हे एका बाईनं सांगितलं, ते मला फार उशिरा कळलं.

तिचं नाव एमी नोएथर. जन्म १८८२ चा, जर्मनीतला. तिथं तेव्हा मुलींना विद्यापीठात रीतसर प्रवेश नव्हता. परवानगी काढून ती नुसती ऐकायला बसायची. तरी १९०७ मध्ये डॉक्टरेट मिळवली. १९१५ मध्ये ग्योटिंगेन विद्यापीठात बोलावणं आलं. आइन्स्टाईनच्या गुरुत्वाकर्षणात ऊर्जेचा हिशेब जुळत नव्हता. तिथं शिकवायची ती, वेळापत्रकात नाव हिल्बर्ट सरांचं. पगार? काही नाही.

१९१८ मध्ये तिनं सिद्ध केलं: प्रयोग आज करा की उद्या, निसर्गाचे नियम तेच, म्हणून ऊर्जा टिकते. नांदेडला करा की लातूरला, नियम तेच, म्हणून संवेग टिकतो. या सारखेपणालाच सममिती म्हणतात.

१९३३ मध्ये ज्यू म्हणून तिची नोकरी गेली. ती अमेरिकेत गेली आणि १९३५ मध्ये शस्त्रक्रियेनंतर वारली.

मैत्रिणींनो, लेक हा नियम पाठ करत असेल, तेव्हा एमीचं नाव तिला जरूर सांगा.