विश्लेषण : नाण्यांवरून राजांची वंशावळ लावणारे पंडित भगवानलाल इंद्रजी कोण होते?

हिंदमातावरून डॉ. आंबेडकर मार्गाने भायखळ्याला गेले की राणीच्या बागेलगत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाचे संग्रहालय लागते. त्याच भाऊ दाजींसाठी शिलालेख आणि नाणी वाचणारे पंडित भगवानलाल इंद्रजी मात्र अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर फारसे परिचित नाहीत.

मुंबईत कसे आले?

जन्म १८३९चा, जुनागढचा. गिरनारजवळच्या शिलालेखांचे वेड लहानपणापासूनचे. जेम्स प्रिन्सेप यांनी उलगडलेल्या ब्राह्मी अक्षरांच्या आधारे ते लेख वाचू लागले. १८६१ मध्ये ते भाऊ दाजींकडे मुंबईत आले. त्यांनी गावोगाव फिरून घेतलेले ठसे भाऊ दाजींच्या निबंधांना आधार ठरले. इंग्रजी जेमतेम असल्याने त्यांचे लिखाण गुजरातीतून भाषांतरित होई. १८७४ मध्ये भाऊ दाजी वारले. स्वतःच्या नावाने त्यांचे बहुतेक लेखन छापून आले ते त्यानंतरच.

नाण्यांवर काय सापडले?

प्राचीन रोमच्या काशाच्या नाण्यांवर देव ठरलेले असत. ‘अस’ या नाण्यावर दोन तोंडांचा जानस, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या नाण्यावर मिनर्व्हा. भारतातील ग्रीक राजा मिनँडरच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला राजा, तर दुसऱ्या बाजूला बहुधा अथेना देवी असे. पश्चिम क्षत्रपांनी राजाचा चेहरा ठेवला; देवीच्या जागी चष्टनाने तीन कमानींचा डोंगर, चंद्र आणि सूर्य आणले. भोवती राजाचे व त्याच्या पित्याचे नाव आणि पुढच्या काळात चेहऱ्यामागे शकवर्ष. प्राचीन अंकांचा अभ्यास असलेल्या भगवानलाल यांना या मजकुरातून बापामागून मुलगा अशी वंशावळ लावता आली.

सोपाऱ्यात काय घडले?

१८८२ मध्ये त्यांनी नालासोपाऱ्याचा स्तूप उकरला. आतल्या दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, बुद्धांच्या आठ लहान मूर्ती आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले. क्षत्रपांच्या धर्तीवर राजाचा चेहरा असलेल्या या नाण्यामुळे करंडक कोणत्या काळात पुरला गेला, याचा अंदाज बांधता आला.

मागे काय उरले?

१८८८ मध्ये मुंबईतच त्यांचे निधन झाले. क्षत्रपांवरचा त्यांचा निबंध रॅप्सन यांच्या संपादनाखाली १८९० मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची हस्तलिखिते आज फोर्टमधील एशियाटिक सोसायटीत आहेत. भाऊ दाजींचा हस्तलिखित संग्रहही तिथेच आहे.