नदीचे गोटे वाचणारे अल्-बिरूनी

विद्यार्थी मित्रांनो, उर्दूतील 'बैरून' हा शब्द तुम्हांला ठाऊक आहे. बैरून म्हणजे बाहेर. शहराबाहेरच्या वस्तीत जन्मलेल्या एका मुलाला याच शब्दावरून नाव मिळाले. पुढे ते नाव जगभर गाजले. ते नाव म्हणजे अबू रैहान अल्-बिरूनी. गणित, खगोलशास्त्र, भूगोल आणि इतिहास अशा अनेक विषयांत त्यांनी मोलाचे काम केले. या पाठात आपण त्यांच्या एकाच गुणाची ओळख करून घेऊ. तो गुण म्हणजे पायाखालची जमीन लक्ष देऊन पाहणे.

अल्-बिरूनी यांचा जन्म इ. स. 973 मध्ये ख्वारिज्म प्रांतातील काथ या शहराजवळ झाला. हा भाग आज उझबेकिस्तानात आहे. काथजवळून जैहून नदी वाहत असे. तिलाच आमू दर्या म्हणतात. काथ येथे एक जुना किल्ला होता. नदी दरवर्षी त्याचा थोडा थोडा भाग कापून नेई. इ. स. 994 पर्यंत तो किल्ला पूर्णपणे नाहीसा झाला. ही हकिकत अल्-बिरूनींनीच आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. पाणी मऊ असते, पण त्याला पुरेसा वेळ मिळाला तर ते किल्लाही गिळते, हे त्यांनी तरुणपणीच पाहिले.

पुढच्याच वर्षी प्रांतात युद्ध पेटले आणि त्यांना घर सोडून पळावे लागले. अनेक वर्षे भटकंतीत गेली. पुढे ते परत आले, पण इ. स. 1017 मध्ये गझनीच्या सुलतान महमूदने ख्वारिज्म जिंकले आणि इतर विद्वानांबरोबर त्यांनाही गझनीला नेले. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांची जन्मभूमी सुटली.

दुसरा कोणी असता तर नशिबाला दोष देत बसला असता. अल्-बिरूनी मात्र महमूदच्या राज्यातून पंजाबात आले आणि या वयात संस्कृत शिकू लागले. एका शब्दाचे अनेक अर्थ, अवघड उच्चार आणि परकी लिपी यांमुळे त्यांना फार कष्ट पडले. सुलतानाच्या स्वाऱ्यांमुळे येथील लोक परक्यांपासून दूर राहत. या स्वाऱ्यांनी देशाची भरभराट नष्ट केली, असे अल्-बिरूनींनी स्पष्टपणे लिहून ठेवले आहे. ते पंडितांपुढे शिष्य म्हणून बसले आणि त्यांनी या देशाचे ज्ञान मिळवले. इ. स. 1030 च्या सुमारास त्यांचा 'किताबुल हिंद' हा प्रसिद्ध ग्रंथ तयार झाला.

या ग्रंथात हिंदुस्थानच्या जमिनीविषयी एक विलक्षण विचार आहे. जमीन कितीही खोल खणली तरी तिच्यात गोल झालेले दगड सापडतात, हे अल्-बिरूनींच्या ध्यानात आले. डोंगराच्या पायथ्याशी, जेथे पाण्याला जोर असतो, तेथे हे दगड मोठे असतात. डोंगरापासून दूर, जेथे प्रवाह मंद होतो, तेथे ते लहान होत जातात. समुद्राजवळ तर त्यांची वाळूच झालेली असते. मग हे दगड आणले कोणी? नद्यांनीच! यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की, हा देश पूर्वी समुद्र असावा आणि नद्यांच्या गाळाने तो हळूहळू भरून आला असावा. अरबस्तानच्या वाळवंटाविषयीही त्यांनी असेच लिहिले. तेथे विहिरी खणताना शंखशिंपले असलेले दगड निघत. म्हणजे तेथेही कधी काळी समुद्र होता.

त्यांचा अंदाज किती खरा ठरला? आज आपल्याला माहीत आहे की, भारताचा भूभाग उत्तरेकडे सरकत गेला आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला. मधल्या समुद्राच्या तळाचे थर चेपले जाऊन वर उचलले गेले. त्यातून हिमालय तयार झाला. म्हणूनच हिमालयाच्या उंच खडकांत समुद्रातील प्राण्यांचे अवशेष सापडतात. पर्वताच्या दक्षिणेला जमीन दबून खोलगट झाली. सिंधू, गंगा आणि त्यांच्या उपनद्यांनी पर्वत झिजवून आणलेला गाळ या भागात भरला. अशा रीतीने उत्तरेचे सुपीक मैदान बनले. मात्र सारा भारत असा घडलेला नाही. आपल्या महाराष्ट्राचा बराचसा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाच्या खडकाचा आहे. म्हणून अल्-बिरूनींचा विचार संपूर्ण देशाला लागू पडत नाही. पण उत्तरेची मैदाने नद्यांनी बांधली, हे त्यांनी केवळ गोटे पाहून एक हजार वर्षांपूर्वी ओळखले!

सुमारे इ. स. 1050 मध्ये गझनी येथे त्यांचे निधन झाले. असे सांगतात की, अखेरच्या आजारात एक विद्वान मित्र त्यांना भेटायला आला. तेव्हाही त्यांनी वारसाहक्काचा एक कठीण प्रश्न त्याला समजावून सांगायला लावला. मित्र बाहेर पडून थोडा पुढे जातो न जातो, तोच त्यांच्या निधनाचा आक्रोश त्याच्या कानी आला.

मित्रांनो, पावसाळ्यात ओढ्याचे गढूळ पाणी एका काचेच्या पेल्यात भरून ठेवा. ते मुळीच हलवू नका. दुसऱ्या दिवशी पाणी निवळलेले दिसेल आणि तळाशी मातीचा थर बसलेला असेल. जाड कण खाली आणि बारीक कण वर, हा क्रम नीट पाहा. हिमालयाच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंत नद्या कोट्यवधी वर्षे हेच काम करीत आल्या आहेत आणि आजही करीत आहेत.