कोसंबींची उन्हाळी सुट्टी

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या घरात चार क्रेडिटांवरून पुष्कळ बोलणे झाले. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या पहिल्या वर्षानंतर कॉलेज सोडायचे असेल, तर उन्हाळ्याच्या सुट्टीत चार क्रेडिटांचा एखादा व्यवसायाचा अभ्यासक्रम करावा आणि प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडावे, अशी सोय आहे. माझ्या मामांना ही सोय फार पसंत पडली. एक कागद हाती येतो, मग आणखी वर्षे कशाला घालवायची, असे त्यांचे म्हणणे. बाबा मांडववाल्याकडे कामाला आहेत आणि लग्नसराईत मीही त्यांच्याबरोबर बांबू बांधायला जातो. ते काहीच बोलले नाहीत. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच. क्रेडिट म्हणजे काय हे सर्वांना मीच समजावून सांगत होतो, आणि खरे सांगायचे तर मलाही ते धड ठाऊक नव्हते.

नागपूरच्या उन्हात दुपारी मांडवाचे काम बंद असते. त्या वेळात मी वाचनालयात कूलरजवळ जाऊन बसत असे. वाचनापेक्षा वाऱ्यासाठीच, हे कबूल करतो. तिथे दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्याविषयी वाचायला मिळाले. इतिहासाच्या तासाला त्यांचे नाव ऐकले होते, त्यापलीकडे काही माहीत नव्हते.

दामोदर कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद म्हणजे बौद्ध धर्माचे आणि पालीचे थोर पंडित. ‘भगवान बुद्ध’ हे त्यांचे पुस्तक आपल्या नागपुरात पुष्कळांनी वाचलेले असेल. पण हा पंडित कोणत्याही कॉलेजचा पदवीधर नव्हता. संस्कृत आणि बौद्ध धर्म शिकण्याच्या ओढीने घर सोडून ते पुणे, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश असे हिंडले. कलकत्त्याची चांगली नोकरी सोडून, महाराष्ट्रात राहून काम करता यावे म्हणून त्यांनी बडोद्याच्या महाराजांचे महिना पन्नास रुपये पत्करले. पुढे हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या कामासाठी बोलावले. १९१८ साली ते दुसऱ्यांदा तिकडे निघाले, तेव्हा थोरली मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर त्यांच्यासोबत होते.

दामोदरची शाळा अमेरिकेत केम्ब्रिज गावी झाली. मध्ये एकदा भारतात येऊन तो परत गेला आणि १९२६ साली हार्वर्डमध्ये शिकू लागला. चरित्रात दिलेली हकिगत इथलीच आहे. एका वर्षी त्याला तीन विषयांत ‘ए’ आणि एका विषयात ‘बी’ श्रेणी मिळाली. आमच्या घरी असा निकाल आला असता तर पेढे वाटले असते. धर्मानंदांना मात्र तो ‘बी’ रुचला नाही, आणि तसे त्यांनी मुलाला ऐकवले. मुलाला ते लागले. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याने इटालियन भाषेचा अभ्यासक्रम घेतला आणि त्यात ‘ए प्लस’ मिळवला.

हे वाचून मला आधी धर्मानंदांचा रागच आला. परक्या देशात शिकणाऱ्या पोराला एका ‘बी’साठी कशाला बोलायचे? मग वाटले, बोलणारे कोणी होते हेही नशीबच. माझा निकाल लागला की बाबा एवढेच विचारतात, की पास झालास ना? दुसरीही एक गोष्ट मनात राहिली. ‘बी’ मिळालेला विषयच घासून काढणे कुणालाही सुचले असते. दामोदरने भलतीच भाषा उचलली, ती कुणी मागितलेली नव्हती. हार्वर्डमध्ये सुट्टीत वर्ग चालवण्याची प्रथा १८७१ पासूनची. म्हणजे सुट्टीतली क्रेडिटे ही काही आजची नवलाई नाही. आमच्या वाट्याला ती प्रथम बाहेर पडण्याच्या दारापाशी उभी दिसली, इतकेच.

अर्थात अशा भटक्या अभ्यासाची किंमतही त्यांना मोजावी लागली. बर्कहॉफ हे तेव्हाचे नामांकित गणिती. दामोदरने बाकीचे सोडून गणितच धरावे, अशी त्यांची इच्छा होती. दामोदरने ते ऐकले नाही. १९२९ साली सर्वोच्च सन्मानाने बी. ए. झाले, पण तिथे पुढे शिकण्याची सोय झाली नाही. पीएच.डी. न करताच ते भारतात परतले. त्यांचे चुकले की बरोबर होते, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

काशी, अलीगढ, मग पुण्याचे फर्ग्युसन आणि १९४५ पासून मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, अशा त्यांच्या नोकऱ्या झाल्या. १९३२ साली त्यांचा गणितावरचा एक निबंध रोमच्या अकादमीच्या नियतकालिकात छापून आला. १९४४ साली त्यांनी मांडलेले जनुकांमधील अंतर काढण्याचे सूत्र आजही त्यांच्याच नावाने शिकवले जाते. संख्याशास्त्र नीट कळावे म्हणून त्यांनी जुनी नाणी तोलायला घेतली. हातोहात फिरून नाणे झिजते, तेव्हा वजनातली घट पाहून त्याचे वय काढता येईल, असा हिशेब. नाणी कोणत्या राजांची हे शोधता शोधता ते इतिहासात शिरले, इतिहासासाठी संस्कृतात शिरले आणि भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांनी सिद्ध केली. भारतीय इतिहासावरचा त्यांचा गाजलेला ग्रंथ १९५६ सालचा. इतिहासाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. २९ जून १९६६ रोजी पुण्यात ते गेले, तेव्हा वयाची एकोणसाठ वर्षेही पुरी झाली नव्हती.

धर्मानंद त्याआधीच, ४ जून १९४७ रोजी, अन्नत्याग करून आपल्याजवळच्या सेवाग्रामला वारले. जूनचा पहिला आठवडा वर्ध्याकडे कसा असतो, हे मी वाचकांना सांगायला नको.

त्या मे महिन्यातच एका रात्री, मांडवाची दोरी गुंडाळता गुंडाळता, मी बाबांना त्या ‘बी’ची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि धर्मानंद काय काम करत होते एवढे विचारले. बाहेर पडण्याचा तो अभ्यासक्रम मी घेतला नाही. मामा थोडे नाराज झाले.

पुढे निकाल लागला. मी नेहमीप्रमाणे पास झाल्याचे सांगितले. बाबांनी कागद मागून घेतला, बोट ठेवून एकेक ओळ मोजली आणि एका ओळीवर थांबून, इथे दुसरे अक्षर का, असे विचारले. तो इंग्रजीचा विषय होता. मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे हिंगण्याला मांडव घालायचा होता, म्हणून आम्ही लवकर झोपलो.