विश्लेषण : पृथ्वी स्वतःभोवती फिरते, हे फुको यांनी घरात बसून कसे दाखवले?

फोनवर ३६० अंशांतला व्हिडीओ पाहताना फोन वळवला, की दृश्यही वळते. फोन किती आणि कोणत्या बाजूला वळला, हे आतल्या ‘जायरोस्कोप’ नावाच्या चिमुकल्या सेन्सरला कळते. जायरोस्कोप हे नाव १८५२ मध्ये पॅरिसच्या लेऑन फुको यांनी दिले. त्यांना त्या यंत्राने खुद्द पृथ्वीचे वळणे पाहायचे होते. त्याच्या वर्षभर आधी एक तार आणि एक जड गोळा यांच्या मदतीने त्यांनी पृथ्वी फिरते हे लोकांना दाखवूनही दिले होते. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडलेल्या या माणसाला ते कसे जमले?

सर्वांना मान्य असताना पुरावा कशाला हवा होता?

सूर्य उगवतो आणि मावळतो असे आपण म्हणतो, पण दिवस-रात्र होते ती पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे. ही कल्पना जुनी आहे. आपल्याकडे आर्यभट यांनी इ. स. ४९९ च्या सुमारास ‘आर्यभटीय’मध्ये ती मांडली. नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच ताऱ्यांचे आहे, असा दाखला त्यांनी दिला होता. पुढे वराहमिहिर आणि ब्रह्मगुप्त यांनी मात्र हे मत नाकारले. युरोपात १५४३ मध्ये कोपर्निकस यांचा ग्रंथ आला आणि त्यानंतरच्या दोन-तीन शतकांत शास्त्रज्ञांनी ही गोष्ट स्वीकारली.

तरीही एक अडचण होती. सगळे पुरावे आकाशातले होते आणि ते समजायला गणित लागत होते. पृथ्वीवरच प्रयोग करून तिचे फिरणे दाखवण्याचे प्रयत्न झाले होते. उंच मनोऱ्यावरून किंवा खाणीत गोळे टाकून ते पूर्वेकडे किती सरकतात, हे मोजले गेले. पण हा फरक इतका थोडा असे, की पाहणाऱ्याची खात्री पटणे कठीणच होते.

फुको कोण होते?

जाँ बर्नार लेऑन फुको यांचा जन्म १८ सप्टेंबर १८१९ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील पुस्तक प्रकाशक होते. ते लवकर गेले. मुलगा तब्येतीने नाजूक, अभ्यासात बेताचा, पण हाताने वस्तू बनवण्यात तरबेज. शल्यचिकित्सक व्हायचे म्हणून ते वैद्यकीय शिक्षणाकडे वळले, पण रक्त पाहवेना. शिक्षण सुटले.

मग त्यांनी डॉ. आल्फ्रेड दोने यांच्याकडे सूक्ष्मदर्शकाच्या वर्गात मदतनीसाचे काम केले आणि तेव्हा नवीनच असलेली छायाचित्रणाची कला आत्मसात केली. १८४५ मध्ये इपोलित फिझो यांच्यासह त्यांनी सूर्याचे छायाचित्र घेतले. त्यात सूर्यावरचे डाग दिसत होते. त्याच वर्षापासून ते एका दैनिकात विज्ञानविषयक वार्तांकनही करू लागले. १८५० मध्ये पाण्यात प्रकाशाचा वेग हवेपेक्षा कमी असतो, हे त्यांनी दाखवले. तरी त्यांच्याकडे प्राध्यापकी नव्हती आणि गणितात ते पारंगत समजले जात नव्हते. प्रयोगशाळा म्हणजे आईसोबत राहत होते ते घर.

तळघरात काय दिसले?

कल्पना सुचली लेथ यंत्रावर. यंत्रात बसवलेली एक बारीक लवचीक कांडी कंप पावत होती. यंत्र हळूच फिरवले, तरी कांडी मूळच्या दिशेतच कंप पावत राहिली. लंबकाचेही असेच होत असेल, तर? लंबक एका दिशेत झुलत राहील आणि खालची जमीन वळत जाईल. जमिनीसोबत आपणही वळत असल्याने आपल्याला मात्र लंबकाची दिशा बदलताना दिसेल.

गणितज्ञ प्वासाँ यांनी हा परिणाम लंबकाच्या बाबतीत जाणवण्याइतका नसेल, असे मानले होते. त्यांचे एका अर्थी बरोबर होते. एका झोक्यात फरक नगण्यच असतो. पण झोक्यामागून झोका गेला, की तो साठत जातो.

जानेवारी १८५१ मध्ये घराच्या तळघरात फुको यांनी दोन मीटर तारेला पाच किलोचा गोळा टांगला. पहिल्या प्रयत्नात तारच तुटली. काही दिवसांनी, ८ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास, झोक्याची दिशा वळताना त्यांना स्पष्ट दिसली. पुढच्याच महिन्यात पॅरिसच्या वेधशाळेत ११ मीटर तारेवर हाच प्रयोग करून त्यांनी शास्त्रज्ञांना पृथ्वी फिरताना पाहायला बोलावले.

पँथियनमध्ये गर्दी का झाली?

तेव्हाचे फ्रान्सचे अध्यक्ष लुई नेपोलियन यांनी हा प्रयोग पँथियन या भव्य वास्तूत करायला सांगितले. घुमटापासून ६७ मीटर लांब तार सोडली, तिला २८ किलोचा गोळा लावला आणि खाली वाळूचा कडा केला. गोळ्याला हाताचा धक्का लागू नये, म्हणून तो दोऱ्याने एका बाजूला बांधून ठेवत आणि दोरा जाळून सोडत. एका पूर्ण झोक्याला सुमारे १६ सेकंद लागत. प्रत्येक वेळी गोळ्याखालचे टोक वाळूत आधीच्या खुणेपासून दोन-तीन मिलिमीटर सरकून नवी खूण करी. तासाभरात झोक्याची दिशा ११ अंशांहून अधिक वळे.

मार्च १८५१ पासून लोक हे पाहायला गर्दी करू लागले. त्यासाठी दुर्बीण नको होती आणि गणितही नको होते. पायाखालची जमीन वळते आहे, हे वाळूतल्या खुणांवरून कोणालाही कळत होते. काही महिन्यांतच युरोप-अमेरिकेतल्या अनेक शहरांत असे लंबक झुलू लागले.

सगळीकडे लंबक सारखाच वळतो का?

नाही. उत्तर ध्रुवावर जमीन लंबकाखाली सरळ गोल फिरते, त्यामुळे तेथे एक फेरी २३ तास ५६ मिनिटांत पूर्ण होईल. पृथ्वीला ताऱ्यांच्या संदर्भात स्वतःभोवती फिरायला लागणारा वेळ तेवढाच आहे. विषुववृत्तावर लंबकाची दिशा मुळीच वळत नाही. मधल्या ठिकाणी वेग अक्षांशावर ठरतो आणि त्याचे सूत्र फुको यांनीच दिले. पॅरिसमध्ये एका फेरीला सुमारे ३२ तास लागतात. दिल्लीतील नव्या संसद भवनात फुको लंबक आहे. त्याला जवळपास ५० तास लागतात. पुण्यात ‘आयुका’तही असा लंबक आहे. पुण्याच्या अक्षांशावर ही फेरी सुमारे ७५ तासांची होते.

मग ऋतू कसे होतात?

१८५२ मध्ये फुको यांनी जायरोस्कोप तयार केला. वेगाने फिरणाऱ्या चाकाचा आस ज्या दिशेला रोखलेला असतो, तिकडेच राहतो. भोवतीची चौकट वळली तरी तो वळत नाही. पृथ्वीचे वळणे पाहता यावे, यासाठी हे यंत्र होते आणि ग्रीक शब्दांवरून केलेल्या त्याच्या नावाचा अर्थही तोच आहे.

फिरणारी पृथ्वी हेही असेच एक प्रचंड चाक आहे. तिचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे आणि वर्षभर तो ध्रुवताऱ्याकडेच रोखलेला राहतो. त्यामुळे सूर्याभोवती फिरताना जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो आणि डिसेंबरमध्ये दक्षिण गोलार्ध. ज्या बाजूला झुकाव, तेथे किरण अधिक सरळ पडतात आणि दिवस मोठा होतो. पॅरिसमध्ये २१ जूनचा दिवस १६ तासांहून मोठा असतो, तर डिसेंबरअखेरीस तो सव्वाआठ तासांवर येतो. पुण्यात हाच फरक सुमारे सव्वातेरा आणि अकरा तास इतका कमी आहे.

सूर्य जवळ आला म्हणून उन्हाळा होतो, हा समज चुकीचा आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे आपल्या थंडीत.

मान्यता कधी मिळाली?

१८५५ मध्ये फुको यांना लंडनच्या रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले आणि पॅरिसच्या वेधशाळेत पदही मिळाले. तेथे त्यांनी काचेवर चांदीचा थर दिलेल्या आरशांच्या दुर्बिणी बनवल्या. १८६२ मध्ये त्यांनी प्रकाशाचा वेग सेकंदाला २ लाख ९८ हजार किलोमीटर मोजला. आजच्या आकड्याशी तुलना करता चूक एक टक्क्याहून कमी. मात्र फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचे सदस्यत्व आधीचे प्रयत्न फसल्यावर १८६५ मध्ये, लंबकानंतर १४ वर्षांनी मिळाले.

ते फार काळ लाभले नाही. १८६७ मध्ये हाताला बधिरपणा आला, मग दृष्टी आणि वाचाही क्षीण होत गेली. हातांनी काम करणाऱ्या माणसाचे हातच थकले. ११ फेब्रुवारी १८६८ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत फुको यांचे नाव आहे. पँथियनमध्ये आजही त्यांच्या प्रयोगाची आठवण म्हणून लंबक टांगलेला आहे.