झपूर्झा घालणाऱ्या पोरी आणि केशवसुत

गणपतीपुळ्याला येणारी गाडी आधी देवळापाशी थांबते, मग किनाऱ्यावर आणि मग उकडीच्या मोदकांवर. तिथून मैलभरावरच्या मालगुंडला वळणाऱ्या गाड्या मोजक्याच. मी तिकडे कवितेच्या ओढीने अनेकदा गेलो आहे. या खेपेला मात्र डोक्यात प्रश्न वेगळाच होता: व्हिडिओ गेमला कला म्हणावे का?

प्रश्न पोरकट वाटेल. पण त्यावर मोठी माणसे भांडली आहेत. अमेरिकेतले नामवंत चित्रपट समीक्षक रॉजर एबर्ट यांनी 2010 साली साफ नकार दिला. खेळ जिंकता येतो, कलाकृती जिंकता येत नाही, असा त्यांचा एक मुद्दा. पुढे 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने चौदा व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात दाखल करून घेतले. माझ्या मते या भांडणातली कळीची गोष्ट मालगुंडात जन्मलेल्या कृष्णाजी केशव दामले यांनी, म्हणजे आपल्या केशवसुतांनी, 1893 मध्येच हेरली होती.

गंमत अशी, की या माणसाच्या आयुष्यात खेळाला जागा फार थोडी. जन्म 1866 चा. वडील शाळामास्तर, घरात पोरवडा, पैशाची ओढाताण. कोवळ्या वयात लग्न झाले. शिक्षण बडोदे, वर्धा, नागपूर, पुणे असे गावोगाव तुकड्यातुकड्यांनी चालले. मॅट्रिक व्हायला 1889 उजाडले, तेव्हा वय तेविसाच्या घरात! पुण्यात आगरकरांच्या विचारांचा संस्कार झाला. मग मुंबईत मास्तरकी आणि किरकोळ नोकऱ्या. प्लेगने मुंबई सोडायला लावली, तेव्हा खानदेशातल्या शाळा. स्वभाव भिडस्त, चारचौघांत मिसळणे नाही. सारी बंडखोरी कागदावर.

त्या काळी कविता कशाला म्हणायचे, हे ठरून गेलेले होते. विषय ठरलेले, वृत्ते ठरलेली. केशवसुतांनी 1892 मध्ये इंग्रजी सॉनेटच्या धर्तीवर चौदा ओळींची कविता मराठीत आणली. सुनीत हे नाव तिला मागाहून मिळाले. कवीचे स्वतःचे मन, गावाकडचे घर, रस्त्यावरचा मजूर हे त्यांनी कवितेचे विषय केले. आज शाळेत मुले हे पाठ करतात, त्यामुळे त्यातला धक्का आपल्याला जाणवत नाही.

आणि 1893 मध्ये आली ‘झपूर्झा’. ज्ञानाच्या नाहीतर निर्मितीच्या वेडाने झपाटलेली माणसे सुखदुःखाच्या पलीकडे जातात, त्या अवस्थेची ही कविता. व्यवहारी जगाला ती वेडी दिसतात, त्यांच्या धडपडीत जगाला फायदा दिसत नाही. एवढ्या उंच अवस्थेला नाव कोणते द्यावे? समाधी, तुरीया असे संस्कृत शब्द हाताशी होतेच. केशवसुतांनी नाव उचलले ते मुलींच्या खेळातून. झिम्मा खेळताना ‘जा पोरी जा’ भरभर म्हटले की त्याचे ‘झपूर्झा’ होते, अशी या शब्दाची व्युत्पत्ती सांगतात.

एबर्ट यांना उत्तर इथे सापडते. झिम्म्यात, फुगडीत कोण जिंकते? कोणीच नाही. गिरकी वाढत जाते, ताल धरला जातो, भोवतालचे अंगण नाहीसे होते. खेळणारी स्वतःला विसरते. चित्र पाहणारा चित्राच्या बाहेर उभा असतो. फुगडी कळायची तर हात धरून फिरावेच लागते. चांगला व्हिडिओ गेमही असाच आत शिरल्याशिवाय कळत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या मंडळींनी 2020 मध्ये ‘राजी’ नावाचा खेळ काढला. जत्रेत कसरती करणारी एक मुलगी हरवलेल्या भावाला शोधत निघते, आणि तिला चालवणारे आपण असतो. याला कला म्हणायला माझी जीभ अडखळत नाही.

पण म्हणून मोबाईलवरच्या प्रत्येक खेळाला झपूर्झा म्हणायला मी तयार नाही. आणखी नाणी, आणखी एक डाव, मग खिशातले पैसे, अशी जिथे दावणच बांधलेली आहे, तिथे तंद्री लागते खरी, पण ती दुकानदाराने लावलेली. केशवसुतांचा वेडा कोणाचे गिऱ्हाईक नव्हता.

स्वतः केशवसुतांना त्या वेडाने व्यवहारात काहीच दिले नाही. धारवाडला सरकारी शाळेत जरा स्थिर नोकरी लागली, तोच 1905 च्या नोव्हेंबरात हुबळीला प्लेगने त्यांना गाठले. वय अवघे एकोणचाळीस. पाठोपाठ पत्नीही गेली. एकत्रित कवितांचे पुस्तक त्यांना पाहायला मिळाले नाही; हरिभाऊ आपट्यांनी ते काढले, तोवर दहाएक वर्षे उलटून गेली होती. मालगुंडचे स्मारक तर 1994 चे, कुसुमाग्रजांच्या हस्ते उद्घाटन झालेले. केशवसुतांचे छायाचित्र एकही नाही. ते काढून घ्यायला तयार होत नसत, असे सांगतात.