मेरी रीबी

इंग्लंडच्या लँकाशायर परगण्यातील बेरी या गावी १७७७ साली मॉली हेडॉक हिचा जन्म झाला. बालपणीच मातापित्यांचे छत्र हरपल्यामुळे आजीने तिचे संगोपन केले. पुढे मुलाचा वेष धारण करून ती घरातून निघून गेली आणि चोरलेल्या घोड्यासह पकडली गेली. जेम्स बरो या खोट्या नावानेच तिच्यावर खटला चालला. १७९० साली, वयाच्या तेराव्या वर्षी, तिला सात वर्षे हद्दपारीची शिक्षा झाली. हा कैदी मुलगी असल्याचे त्यानंतर उघडकीस आले.

त्या काळी इंग्लंडमधील कैद्यांना दूर ऑस्ट्रेलियात धाडीत असत. १७८८ ते १८६८ या काळात सुमारे १,६०,००० कैदी तेथे नेण्यात आले. १७९२ च्या ऑक्टोबरात मॉली सिडनीस पोहोचली. दोन वर्षांनी थॉमस रीबी या तरुण दर्यावर्दी अधिकाऱ्याशी तिचा विवाह झाला, आणि ती मेरी रीबी या नावाने ओळखली जाऊ लागली. उभयतांनी शेती केली, गलबते घेतली, व्यापार वाढविला. १८११ साली पती निवर्तला. पदरी सात मुले होती. तरीही मेरीने धीर सोडला नाही. जहाजे, वखारी व जमिनी यांचा कारभार तिने स्वतः सांभाळला. १८१७ साली त्या वसाहतीतील पहिली बँक तिच्याच एका घरात सुरू झाली.

१८२० साली ती इंग्लंडला जाऊन आली. १८२८ च्या शिरगणतीत तिने आपण १८२१ साली स्वतंत्र नागरिक म्हणून आल्याचे नोंदविले. ते परतीचे आगमन होते. पहिल्या आगमनाविषयी तिने मौन पाळले. १८५५ साली तिचे निधन झाले.

हे मौन एकट्या मेरीचे नव्हते. पूर्वज कैदी होता, हे सांगण्याची कित्येक कुटुंबांना पिढ्यानुपिढ्या लाज वाटे. पुढे काळ पालटला. जहाजांच्या याद्या आणि न्यायालयांची दप्तरे चाळून वंशज आपल्या कैदी पूर्वजांचा शोध अभिमानाने घेऊ लागले. २००७ साली युनेस्कोने त्या कागदपत्रांना जागतिक स्मृतिठेव्यात स्थान दिले. त्यापूर्वीच, १९९४ साली, ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर मेरीचे चित्र झळकले होते.

जी नोंद मेरीने झाकून ठेवली, तिच्यामुळेच तिचा प्रवास किती खडतर होता, हे जगाला कळले.