सिंहगडाची अवघड वाट

भिवंडीहून पूर्वेस शहापूरच्या बाजूला गेले म्हणजे माहुली किल्ल्याचे सुळके दिसू लागतात. अशा उभ्या खडकावर शत्रूचा पहारा असता मनुष्य चढतो तरी कसा, हा प्रश्न मुलांच्या मनात सहज उभा राहतो. त्याचे उत्तर ज्यांच्या चरित्रात सापडते, त्या तानाजी मालुसरे यांची हकीकत आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

पोलादपूरजवळील उमरठे हे तानाजींचे गाव. हजार मावळ्यांचे हे सरदार शिवाजी महाराजांचे मोठे विश्वासू होते. सन १६६५ च्या पुरंदरच्या तहाने महाराजांस २३ किल्ले मोगलांच्या हवाली करावे लागले. त्यांत आपली माहुली होती, तसाच पुण्याजवळचा कोंडाणा, म्हणजे सिंहगडही होता. पुढे १६७० मध्ये गेलेले किल्ले परत घेण्याचे ठरले, तेव्हा कोंडाण्याची कामगिरी तानाजींनी पत्करली.

या गडास रूढ वाटा दोन. एक पुणे दरवाजाची. दुसरी पायथ्याच्या कल्याण गावाकडून येणारी. हे कल्याण आपल्या शेजारचे शहर नव्हे. दोन्ही वाटा दरवाजांनी बंद होत्या, आणि गडावर उदयभान राठोड हा शूर किल्लेदार होता. तेव्हा ज्या बाजूने कोणी येणार नाही असे वाटावे, तीच बाजू तानाजींनी निवडली. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री सुमारे ५०० मावळे घेऊन ते कड्याखाली आले.

येथे घोरपडीची गोष्ट सर्वांस आठवेल. परंतु या प्रसंगानंतर तीस वर्षांच्या आत लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत घोरपड नाही. तीत दोन निवडक मावळे आहेत. ते वानराप्रमाणे कडा चढून गेले आणि त्यांनी वरून माळ, म्हणजे दोराची शिडी, लावली. तिच्या आधाराने स्वतः तानाजी व ३०० लोक वर पोहोचले. पुढे घनघोर युद्ध होऊन तानाजी व उदयभान दोघेही पडले. सरदार पडताच लोक डगमगले. पण तानाजींचे बंधू सूर्याजी यांनी त्यांस सावरून गड घेतला. पागेच्या छपरांस आग लावून विजयाची खूण राजगडी महाराजांस कळविण्यात आली. त्याच वर्षी माहुलीही परत आली.

तानाजींची समाधी गडावर आहे, आणि ती असावी हे योग्यच. मात्र त्या दोन मावळ्यांची नावे बखरकाराने दिलेली नाहीत. अंधारात, आधाराला दोर नसता, ते प्रथम चढले, म्हणून मागच्यांस वाट झाली. पालकांनी ही कथा मुलांस सांगताना घोरपडीच्या जागी त्या दोघांस उभे करावे, अशी आमची विनंती आहे. आणि विद्यार्थ्यांनी हे ध्यानी धरावे की, पुष्कळांस उपयोगी पडणारी वाट प्रथम कोणीतरी एकट्याने, कीर्तीची आशा न धरता, चढून गेलेला असतो.